मुळशीकाठचे दहा दिवस

पावसाळ्यात पुण्याचा माणूस मुळशीला जातो तो तीन गोष्टींसाठी : धबधब्याखाली भिजण्यासाठी, रस्त्याच्या कडेला भाजलेले कणीस खाण्यासाठी, आणि घरी परतल्यावर 'काय गर्दी हो!' असे म्हणण्यासाठी. यांपैकी एकही हेतू मनात नसताना मी गेल्या श्रावणात मुळशीच्या जलाशयाकाठी दहा दिवस राहून आलो. जाताना माझ्या मांडीवर वेताची एक टोपली होती, टोपलीत जुन्या लुगड्याची घडी होती आणि त्या घडीवर, गळ्यात प्लास्टिकचे नरसाळे अडकवलेले, पोटावर अकरा टाके पडलेले एक मांजर होते.

महाविद्यालयात रजेचा अर्ज लिहिताना कारणाच्या रकान्यापाशी माझा हात अडखळला. मराठीचा अध्यापक असूनही योग्य शब्द सुचेना. 'मांजराची शुश्रूषा' असे लिहावे तर कार्यालयातले कारकून आठवडाभर हसतील. 'नातेवाइकाचे आजारपण' असे लिहावे तर ते खोटे होईल. शेवटी 'कौटुंबिक कारण' असे लिहिले आणि वर्षाच्या आठही किरकोळ रजा एकदम मागून टाकल्या. दोन रविवार धरून दहा दिवस झाले. त्या अर्जातला 'कौटुंबिक' हा शब्द पुढे खरा ठरला. 'किरकोळ' मात्र ठरला नाही.

मांजर माझे नव्हे, माझ्या आत्याचे. आत्या पंचाहत्तरीला टेकली आहे. ताम्हिणीच्या अलीकडे, पाण्याच्या काठावरल्या एका वाडीत तिचे कौलारू घर आहे. घरात ती, गोठ्यात एक म्हैस आणि चुलीपाशी मनी. दोन्ही मुले हिंजवडीला संगणकाच्या कंपन्यांत आहेत. हिंजवडी आणि ही वाडी एकाच मुळशी तालुक्यात आहेत, हे कागद पाहिल्याशिवाय कोणाला खरे वाटू नये! भाताची लावणी आटोपली की आत्या गोधडी शिवायला घेते. जुन्या लुगड्यांचे थर, वर तांबड्या दोऱ्याचे धावते टाके. त्या दोऱ्यानेच घात केला.

एका सकाळी तिचा फोन आला. मनी दोन दिवस खात नव्हती, ओकत होती, आणि आता तिच्या शेपटीखाली तांबड्या दोऱ्याचे बोटभर टोक दिसत होते.

"सुई गेली का गं पोटात?" मी घाबरून विचारले.

"न्हाई. सुया मोजल्या म्या. तिन्ही हायेत. निस्ता दोरा गेलाय."

"मग ओढून काढ ना हळूच!" मी म्हणालो. एम. ए. झालेला, वीस वर्षे वर्गात बोललेला माणूस ज्या ठाम स्वरात बोलतो, त्याच स्वरात म्हणालो.

पलीकडे क्षणभर शांतता. मग आत्या म्हणाली, "मी न्हाई वढायची. दोरा वढला की कापाड चुनतं. मांजराचं पोट काय निराळं हाय?"

या एका वाक्याने मनी वाचली. हे मला त्याच संध्याकाळी पुण्यात कळले. मांजराच्या जिभेवर बारीक काटे असतात आणि त्यांची टोके घशाकडे वळलेली असतात. एकदा दोरा जिभेवर आला की तो थुंकता येत नाही, आतच सरकतो. त्याचे एक टोक कुठे तरी अडकते, जिभेच्या बुडाशी किंवा जठराच्या तोंडाशी, आणि बाकीचा दोरा आतड्यात पुढे जातो. आतडे तो ढकलू पाहते. दोरा पुढे जात नाही, म्हणून आतडेच त्याच्यावर चढत जाते. "परकराच्या नेफ्यात नाडी ओढल्यावर कापड गोळा होतं ना, तसं," डॉक्टरीणबाई कागदावर आकृती काढीत म्हणाल्या. "आणि ताणलेला दोरा करवतीसारखा आतडं कापतो. तुम्ही ओढला नाहीत हे फार चांगलं केलंत. लोक हमखास ओढतात." मी मान डोलावली. ओढण्याचा सल्ला कोणी दिला होता, ते सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

दीड तास शस्त्रक्रिया चालली. पोट मधोमध उघडून, आतड्याला दोन ठिकाणी छेद देऊन हातभर दोरा तुकड्या-तुकड्यांनी काढावा लागला. बाहेरच्या बाकावर बसून मी विचार करीत होतो. मुंबईत परळला पशुवैद्यकाचे महाविद्यालय निघाले ते १८८६ साली. तेव्हा गुराढोरांचा आणि घोड्यांचा विचार मुख्य होता, कारण नांगर आणि गाडी त्यांच्यावर चाले. मांजरावर काय चालते? तरीही एका वाडीतल्या मांजराच्या आतड्यावर कोणी दीड तास मान वाकवून टाके घालीत होते, याचे मला मोठे आश्चर्य वाटले आणि थोडे बरेही वाटले.

दवाखान्यात मनीने थोडेसे चाटले. पण माझ्या सदनिकेत आणताच ती कपडे धुण्याच्या यंत्रामागे जाऊन बसली आणि अन्नाला तोंड लावीना. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा स्वर बदलला. सलग दोन-तीन दिवस न खाणे माणसाला झेपते, मांजराला झेपत नाही. अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि मूळ दुखणे बरे होऊनही मांजर दगावते. "ती कोणाच्या हातचं खाते?" त्यांनी विचारले. मी आत्याचे नाव सांगितले. "मग तिकडेच घेऊन जा. पण दहा दिवस एका खोलीत कोंडून ठेवायची. उडी नाही, जिना नाही, बाहेर नाही."

निघताना हिंजवडीहून आतेभावाचा फोन आला. "दादा, आहेसच दहा दिवस, तर आईला इकडं यायचं पटव. तुझं ऐकते ती." मी बरे म्हणालो.

चांदणी चौक मागे पडला की भूगाव, पिरंगुट आणि मग पौड. पौडपर्यंत दोन्ही बाजूंना पाट्याच पाट्या : बंगल्यांचे भूखंड, सरोवर दिसणारी घरे, सप्ताहान्ताची विश्रांतिस्थाने. पौड सोडल्यावर पाट्या विरळ होतात आणि हिरवा रंग सुरू होतो. श्रावणातला मुळशीचा हिरवा रंग एक नसतो. नुकत्या लावलेल्या भाताचा पोपटी, बांधावरल्या गवताचा गर्द, डोंगरावर ढगाची सावली पडलेला काळपट. खाचरांतून आंबेमोहोर उभा होता. माले गाव सोडले, आणि थोड्याच वेळात झाडांमधून एकदम पाणी दिसले. करड्या आभाळाखाली करडे पाणी, कोसच्या कोस पसरलेले. टोपलीतून इतका वेळ आवाज नव्हता. इथे मनीने नाक वर केले आणि वास घेतला.

या पाण्याकडे मला नुसते निसर्गशोभा म्हणून पाहता येत नाही. हे पाणी मुळा नदीचे. पूर्वेला वाहत जाऊन मुठा, भीमा, कृष्णा असे करीत ते बंगालच्या उपसागराला मिळायचे. वीज कंपनीने ते अडवले आणि डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवून सह्याद्रीखाली भिऱ्याला सोडले. १९२७ पासून भिऱ्याच्या वीजघराने त्यावर मुंबईसाठी वीज काढली. त्यापूर्वी इथे, मुळशी पेट्यात, गावे होती. १९२१ साली रामनवमीला, १६ एप्रिलला, मावळातले शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट या लढ्याचे पुढारी झाले आणि 'सेनापती' हे नाव त्यांना याच लढ्याने दिले. तीनेक वर्षे माणसे तुरुंगात गेली, आली आणि पुन्हा गेली. शेवटी जमीन पाण्याखाली गेली. माझ्या आजीचे माहेर त्यातच होते. भर उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठाकाठाने जुन्या जोत्यांचे दगड उघडे पडतात. लहानपणी आजीबरोबर ते दगड पाहिल्याचे मला आठवते. ती बोट दाखवी, पण बोलत नसे.

आत्या अंगणात उभी होती. तिने टोपली घेतली, लुगडे बाजूला केले आणि मनीकडे न पाहता आधी तिच्या पोटाकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग जाणत्या माणसाने जाणत्या माणसाला द्यावी तशी पावती दिली : "टाकं झ्याक घातल्यात. सारक्या अंतरावर."

मधल्या खोलीतून आम्ही खाट काढली, फडताळावरचे डबे उतरवले, उडी मारण्याजोगे काही ठेवले नाही. कोपऱ्यात गोधडी घातली. विधीसाठी पसरट घमेले ठेवले आणि त्यात माती न घालता वर्तमानपत्राचे तुकडे टाकले, कारण मातीचे कण ओल्या टाक्यांना चिकटतात. आत्याला हे सारे पटले. नरसाळे पटले नाही. "गळ्यात ह्ये कशापायी? चाटल्याबिगर मांजार बरं व्हतं का?" मांजर जखम चाटते ती स्वच्छ करण्यासाठी, हे खरे. पण जिभेवरचे तेच काटे टाके उसवतात. ज्या काट्यांनी दोरा आत नेला तेच आता दोरा बाहेर काढतील, असे सांगितले तेव्हा ती गप्प झाली. दार लावून घेण्याला तिने हरकत घेतली नाही, याचे मात्र मला नवल वाटले. तिच्या घराचे दार दिवसा कधी लागलेले मी पाहिलेले नव्हते.

खरी अडचण होती श्रावणाची. आत्याच्या घरात श्रावणात अंडेसुद्धा येत नाही, आणि डॉक्टरीणबाईंनी उकडलेली कोंबडी लिहून दिलेली. मीठ-मसाला नको, कांदा-लसूण तर मुळीच नको, कारण मांजराच्या रक्ताला ते विष. दूधही नको, कारण मोठ्या मांजराला ते बहुधा पचत नाही. मी चाचरत विषय काढला. आत्याने थोडा विचार केला आणि निकाल दिला : "श्रावण मानसांना हाय. मांजराला कुनी सांगितलाय? पर माझ्या चुलीवं नको." तेव्हा पडवीत तीन दगड मांडून, ओल्या लाकडांचा धूर डोळ्यांत घेत, श्रावणी सोमवारी उपाशीपोटी मी कोंबडी शिजवली. समोरच्या घरातली मंडळी कामे टाकून पाहत होती. पुण्याच्या प्रोफेसरने वाडीची एवढी करमणूक पूर्वी कधी केली नव्हती.

पण मनी खाईना. मी वाटी पुढे केली, तिने तोंड फिरवले. मग आत्याने घास तळहातावर घेतला, हात चुलीच्या उबेला धरला आणि नाकाशी नेला. मनीने वास घेतला आणि एक कण उचलला, मग दुसरा. गरम अन्नाला वास असतो, आणि मांजर आधी नाकाने जेवते. दिवसातून सहा वेळा, प्रत्येक वेळी दोन चमचे, असा क्रम ठरला. आम्ही दोघेही त्या तळहाताकडे असे पाहत असू की जणू त्यावर कोणाचे तरी भविष्य लिहिलेले आहे.

शुश्रूषेत पुष्कळ काही करायचे असते, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात बहुतेक वेळ न करण्यात जातो. आत्या हळदीची वाटी घेऊन आली, तिला नको म्हटले. जखमेला काही लावायचे नव्हते, ती कोरडी ठेवायची होती. शेजारचा म्हातारा प्रेमाने तापाची गोळी घेऊन आला. पॅरासिटामोलची ती साधी गोळी मांजराला जीवघेणी असते, त्याचे रक्त प्राणवायू वाहायचे थांबते, हे त्याला सांगताना मला वक्तृत्वाची शर्थ करावी लागली. मनी कण्हत नव्हती, घुरघुरत होती, म्हणून मला आनंद झाला. मग कळले की मांजर सुखात घुरघुरते तसे दुखण्यातही घुरघुरते. वर्गात मी भक्तीचे दोन मार्ग शिकवतो : मर्कटन्याय आणि मार्जारन्याय. माकडाचे पिलू आईला घट्ट धरते. मांजराचे पिलू काहीच करत नाही, आईच त्याला मानेशी धरून नेते. आता मांजर उचलण्याची पाळी माझ्यावर आली आणि न्यायातली पद्धत चालेना. पोटाला ताण पडू नये म्हणून एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. दोन्ही हात गुंतले की बाकीचे जग आपोआप थांबते.

आतड्याच्या टाक्यांना धोका असतो तो तिसऱ्या ते पाचव्या दिवसांत. टाका तिथे सुटला तर बाहेरून दिसत नाही. आतल्या आत विष पसरते. पाचव्या रात्री मनीने घास नाकारला. कोपऱ्यात तोंड खुपसून बसली. बाहेर ताम्हिणीकडून आलेला पाऊस कौलांवर कोसळत होता. वीज संध्याकाळीच गेली होती. एवढ्या पाण्याच्या काठावर, आणि कंदिलाच्या उजेडात! फोन लागेना. इरले आत्याने दिले, ते डोक्यावर घेऊन मी मागच्या टेकाडावर चढलो, तेव्हा कुठे डॉक्टरीणबाईंचा आवाज ऐकू आला. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. ओकली का? पोट दगडासारखे लागते का? हिरड्यांचा रंग कसा आहे? खाली येऊन मी कंदील धरला. आत्याने मनीचा ओठ उचलला. हिरड्या गुलाबी होत्या. मग तिने आपला हात, गोधड्या शिवून घट्टे पडलेला, पोटाच्या बाजूला नुसता टेकवला. "मऊ हाय," ती म्हणाली. पुन्हा टेकाड चढून मी ते सांगितले. सकाळपर्यंत थांबा, बदल झाला तर तत्क्षणी निघा, असा निरोप मिळाला.

त्या रात्री झोप कोणाला येणार? आत्या भिंतीला टेकून बसली होती. मी सहज विचारले, "आत्या, पहिल्या दिवशी दार लावलं तेव्हा तू काहीच कशी बोलली नाहीस?"

"आईचं मांजार ठावं हाय का तुला?" ती म्हणाली. मला ठाऊक नव्हते.

आजी आठ-नऊ वर्षांची असताना त्यांनी गाव सोडले. बैलगाडीत जाते, भांडी, देव, आणि आजीच्या मांडीवर एक पांढरे मांजर. आजीचा बाप म्हणाला, पाटीखाली झाक, न्हाईतर पळंल. आजीला वाईट वाटले. तिने झाकले नाही. गाव ओलांडायच्या आत मांजराने उडी मारली आणि ते घराकडे परत गेले. गाड्यांची रांग थांबली नाही. कुत्रे माणसाला धरून राहते, मांजर घराला. पुढच्या पावसाळ्यात तिथे पाणी आले.

"म्हातारपनी भरमात गेली तवा," आत्या म्हणाली, "आईनं गावाचं नाव न्हाई घेतलं, बापाचं न्हाई. ऱ्हाऊन ऱ्हाऊन म्हनायची, पाटी घाला गं तिच्यावं, पाटी घाला."

कंदील फडफडला. त्या दगडांकडे बोट दाखवून आजी गप्प का राही, ते इतक्या वर्षांनी मला कळले. सत्याग्रहावर मी वर्गात बोललो आहे, सेनापतींवर व्याख्यान दिले आहे. त्या सगळ्यात हे मांजर कुठेच नव्हते.

पहाटे पाऊस ओसरला. घमेल्यात खसखस ऐकू आली. मनी कागदाच्या तुकड्यांवर गंभीर मुद्रेने बसली होती. शस्त्रक्रियेनंतरची ती पहिलीच शौचशुद्धी! मी अर्धवट झोपेत ओरडलो, "आत्या, झाली!" आणि आत्याने देवापुढे साखर ठेवली. आतडे वाहते झाले होते. अर्ध्या तासाने मनीने तळहातावरचा घास खाल्ला आणि आणखी मागितला.

पुढचे दिवस भराभर गेले. जखमेचा मी रोज फोटो काढायचा, टेकाडावर जाऊन तो पाठवायचा. कडा जुळलेल्या, सूज नाही, पाणी नाही. बाराव्या दिवशी म्हशीला पाहायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरांनी, पुण्याच्या डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलून, टाके काढले. अकराही टाके आत्याने मोजून घेतले. मग तिने नरसाळे काढले आणि दार उघडले.

मनी उंबऱ्यावर थांबली. पावसाचा वास घेतला. ओट्यावर गेली, म्हशीकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले. आत्या श्वास रोखून उभी होती. मनीने सावकाश पाठ फिरवली, आत आली आणि चुलीपाशी आपल्या जागेवर बसून बारा दिवसांचे राहिलेले चाटणे एकदम सुरू केले.

निघताना पडवीत आत्या पुन्हा गोधडी घेऊन बसली होती. तांबड्या दोऱ्याचे रीळ आता झाकणाच्या डब्यात होते, आणि सुईत ओवलेला दोरा हातातून सुटला की ती आधी मनीकडे पाही. मला तिने पायलीभर आंबेमोहोर बांधून दिला. आतेभावाचे काम माझ्या जिभेवर दहा दिवस होते. तिथेच राहिले.

पौडला गाडी पोचली आणि फोन वाजला. "काय दादा, तयार झाली का आई?"

"नाही," मी म्हणालो. "मी विचारलंच नाही. तूच दर रविवारी येत जा. आणि हे बघ, येताना कोंबडी आणू नकोस. अजून श्रावण आहे."